फक्कीचा टू बीएचके

आमचा पहिला फ्लॅट एका रविवारी सकाळी बांधून पूर्ण झाला आणि दुपारच्या जेवणाआधी पाडला. पाडायला महापालिकेची गाडी लागली नाही. खराटा आणि दोन बादल्या पाणी पुरलं.

हे मी स्वतःच सांगून टाकते, कारण आमच्या जुन्या कॉलनीत या गोष्टीच्या अनेक आवृत्त्या फिरतात आणि प्रत्येकीत माझी अक्कल निराळ्या ठिकाणी चरायला गेलेली असते. खरी कुठे गेली होती ते मलाच ठाऊक.

तेव्हा आम्ही नाशकात इंदिरानगरच्या पुढच्या एका कॉलनीत तळमजल्यावर भाड्याने राहायचो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि कॉलेजात जाणारी आमची लेक चिनू. मी शाळेत गणित शिकवते. हे विम्याच्या ऑफिसात आहेत आणि स्वभावाने इतके सावध, की लिफ्टचं दार उघडलं तरी आधी वाकून आत जमीन आहे का ते बघतात. आणि त्या दिवसांत आमच्याकडे सासूबाई आलेल्या होत्या.

सासरे गेल्यापासून आई कळवणला माझ्या धाकट्या दिरांकडे, रमेशभाऊजींकडे असायच्या. मळ्यातलं घर, पुढे मोठं अंगण, येणारा-जाणारा थांबून बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. गुडघ्याच्या दुखण्यासाठी त्यांना नाशकात आणलं, तर येताना स्वतःची लोखंडी खाट टेम्पोत घालून घेऊन आल्या. दुसऱ्याच्या खाटेवर त्यांचा डोळा लागत नाही. खाट चांगली ऐसपैस, तिच्यावर आई झोपून उरलेल्या जागेत एक पाहुणी सहज झोपेल अशी. आमच्या भाड्याच्या घरात ती आत आली आणि आम्ही कडेकडेने चालायला लागलो.

ह्यांच्या मनात होतं की आईने आता कायमचं इथेच राहावं. एकदा जेवताना म्हणाले, "शिकायला म्हणून घर सोडलं ते सोडलंच. आईच्या जवळ असं राहिलोच नाही गं मी." आणि लगेच भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. (कमी नव्हतं.) तिकडून भाऊजींचा रोज फोन, की आईला शहरातल्या खुराड्यात कोंडू नका, मी घ्यायला येतो. दोन भावांमध्ये आई म्हणजे ओढाताण नुसती. आणि आईंचं आपलं एकच, "आधी जागा दाखवा. मंग सांगते, राहते का जाते."

जागा दाखवायची कशी? आम्ही पाथर्डी फाट्याकडे एक फ्लॅट पसंत केला होता, पण त्या वेळी तिथे एक मोठा खड्डा आणि एक मोठा बोर्ड होता. बोर्डावर एक गोरंगोमटं कुटुंब कशाला तरी हसत होतं. आईंना रिक्षाने नेऊन तो खड्डा दाखवला. त्यांनी काठावर उभं राहून तो नीट पाहिला, आणि यातली माझी खोली कोणती, असं विचारलं. ह्यांनी हवेत चौथ्या मजल्याच्या उंचीवर बोट दाखवलं. आईंनी वर पाहिलं. तिथून एक बगळा जात होता. मग त्या रिक्षात जाऊन बसल्या.

आता या सगळ्यात मी कुठे होते? मी शब्द जमवत होते. घर घ्यायचं ठरल्यापासून मला त्याचं वेडच लागलं होतं. प्लिंथ, लिंटेल, डॅडो, स्कर्टिंग, ड्राय बाल्कनी... स्टाफरूममध्ये कुणी नुसतं "घर बघतोय" म्हणायचा अवकाश, की मी डबा बाजूला सारून सुरू. कार्पेट एरिया म्हणजे भिंतींच्या आतली, जिथे आपलं पाऊल पडतं ती जागा. बिल्टअप म्हणजे तीच, भिंतींच्या जाडीसकट. आणि सुपर बिल्टअप म्हणजे त्यात आणखी जिना, लिफ्ट आणि लॉबी यांतला आपला वाटा, ज्यात आपल्याला फक्त उभं राहून लिफ्टची वाट बघता येते. हे सगळं मी डोळे मिटून सांगायची. उघडे ठेवून सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

तर ही विद्या उतू जात असतानाच मला कल्पना सुचली, की फ्लॅट जमिनीवर खऱ्या मापाने आखायचा आणि आईंना त्यात उभं करायचं! आमच्या घरासमोरच कॉलनीची ओपन स्पेस होती. कागदोपत्री बाग, प्रत्यक्षात सपाट माती आणि एक बाक. शाळेत खेळाच्या सरांकडून मैदान आखायची फक्की मागून आणली. मापं काढायला बिल्डरच्या ऑफिसातला गुळगुळीत रंगीत कागद होताच. त्यात सोफा, पलंग, कुंडी, सगळं वरून बघितल्यासारखं काढलेलं. खोल्यांची मापं तेवढी नव्हती, एकूण क्षेत्रफळाचा एक आकडा ठळक छापलेला होता. चिनू म्हणाली, मम्मी, ऑफिसला फोन करून मापं विचारू या ना. मी म्हटलं, गणिताच्या बाईवर मापं विचारायची वेळ अजून आलेली नाही. पट्टीने कागदावरचं चित्र मोजलं, त्या ठळक आकड्याशी गुणोत्तर मांडलं आणि प्रत्येक खोलीचं माप काढून ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी "नक्की ना?" असं विचारलं. मी नुसतं बघितलं.

रविवारी सकाळी लोक मिसळ खायला बाहेर पडतात त्या वेळेला आम्ही तिघं फ्लॅट आखत होतो. चिनू टेप धरायची, मी माप सांगायची आणि हे गुडघ्यांवर रांगत फक्की सोडायचे. घर असं देखणं झालं म्हणून सांगू! हॉल ऐसपैस, किचन मोकळं, मोठी बेडरूम तर लग्नाचं वऱ्हाड उतरेल एवढी. ती आमची. दुसरी बेडरूम आई आणि चिनूची. दारांना जागा सोडल्या, खिडक्यांना दोन रेघा मारल्या. आणि मी जाहीर केलं की आता कुणी भिंतीतून जायचं नाही. नवीन घराची सवय लागली पाहिजे. लगेच हे किचनमधून तडक हॉलमध्ये आले आणि माझ्या ओरड्याने दचकून परत किचनमध्ये जाऊन दाराने आले.

मग आई आल्या. काठी टेकत दारातून शिरल्या, सगळं घर फिरल्या, स्वतःच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खाट आणा." खाट आणली. आरामात बसली. मग त्यांचं छोटं कपाट आणलं, चिनूचं टेबल आणलं. तरी खोलीत फुगडी घालता येईल एवढी जागा उरली. आई खाटेवर मांडी घालून बसल्या आणि बघता बघता त्यांच्या तोंडावर कळवण दिसायला लागलं! फिरायला निघालेल्या बायका चौकशीला थांबल्या, त्यांना आईंनी आत बोलावून खाटेवर बसवलं, कुणाची कंबर धरलीय, कुणाची सून नांदत नाही, सगळं विचारून घेतलं. चहा सांगितला. हवा छान लागते म्हणाल्या. (लागणारच. भिंती फक्कीच्या!) हे दुरून बघत होते आणि मला हळूच म्हणाले, "राहील गं आई. राहील बहुतेक." मी फुलले. इतकी फुलले, की पाठ थोपटून घ्यायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच आईंना खोली समजावून सांगू लागले, की इथे खिडकी, तिथे बाल्कनी. त्याच सुमाराला वारा सुटला आणि आईंच्या डोळ्यांत फक्की गेली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी हात लांब करून बाल्कनीचं दार दाखवत होते.

नेमक्या त्या क्षणी रस्त्यावरून सुमनमावशी चालल्या होत्या. ह्या आमच्या लांबच्या नात्यातल्या, मागच्या गल्लीत राहणाऱ्या, आणि थांबून विचारणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. त्यांनी एक फोटो काढला आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "काय झालं असेल?" तो फोटो मी नंतर पाहिला. उघड्या मैदानात खाट, खाटेवर पदराने डोळे पुसणारी सासू, तिच्याजवळ सांत्वनाला बसल्यासारख्या बायका, शेजारी बाहेर काढलेलं कपाट, आणि समोर सून उभी, एक हात ताठ रस्त्याकडे. मी त्रयस्थ असते तर मीसुद्धा त्या बाईला चार शब्द सुनावले असते.

याची आम्हाला काडीमात्र कल्पना नव्हती, कारण तेवढ्यात काळेकाका आले. काळेकाका म्हणजे कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ओपन स्पेसवर कुणीतरी डोळा ठेवून आहे, अशी त्यांना कायमची शंका. रविवारी सकाळी मैदानात इमारतीच्या पायाचं लाइनआउट आखलेलं पाहून ते मिसळीचा पाव हातात धरूनच धावत आले. हे कुणाचं बांधकाम, परवानगी कुणाची, साइड मार्जिन तरी सोडलंय का, अशी सरबत्ती करत ते बरोबर बाथरूममध्ये शिरले. चिनूने त्यांना तसं सांगितल्यावर मात्र सज्जनपणे मागे सरून बाहेर थांबले. मी सगळं समजावून सांगितलं. काकांचा राग उतरला आणि त्याची जागा इंजिनिअरने घेतली. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली, हॉलची लांबी पावलांनी मोजली आणि विचारलं, "मॅडम, हा आकडा कार्पेटचा धरलाय का सुपर बिल्टअपचा?"

मी रंगीत कागद डोळ्यांपाशी धरला. ठळक आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'सुपर बिल्टअप' छापलेलं होतं.

काकांनी मग जमलेल्या सगळ्यांसमोर, वर्षभर मी जे इतरांना सांगत आले तेच मला सांगितलं. या घरात मॅडमनी जिना, लिफ्ट, लॉबी आणि वॉचमनची केबिन खोल्यांमध्ये वाटून टाकली आहे! एवढी मोठी बेडरूम टू बीएचकेला असेल तर मी मिशा काढीन, असंही म्हणाले. बायका हसल्या. हे हसले नाहीत. ते फक्कीची पिशवी घेऊन मुकाट्याने परत गुडघ्यांवर बसले.

मग घर आक्रसायला लागलं. काका दुसऱ्या हातातल्या छडीने माप दाखवायचे, हे पायाने जुनी भिंत पुसायचे आणि आत नवी आखायचे. हॉलमधला सोफा (म्हणजे आमची सतरंजी) आधी अर्धा झाला, मग दाराबाहेर गेला. किचनमध्ये फ्रीज ठेवला तर ओट्यापाशी फक्त एकाने उभं राहायचं असं ठरलं. मग गाडी आईंच्या खोलीकडे वळली. खाटेवर बसलेल्या बायका एकेक करून उठल्या, कारण त्या भिंतीत बसल्या होत्या. चिनूचं टेबल पॅसेजमध्ये गेलं. कपाटाचं दार उघडेना. आणि शेवटी पश्चिमेची भिंत थेट खाटेखालूनच गेली. खाट आडवी लावली तर दार उघडेना, उभी लावली तर तिचे दोन पाय शेजाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये! ह्यांनी पुन्हा पुसलं, पुन्हा आखलं. दाराची जागा बदलली. खिडकी हलवली. पँटचे गुडघे पांढरेफटक, कपाळावर फक्की आणि घाम. काका म्हणाले, अहो, असं दार हलवता येत नाही, तिथे कॉलम येतो. तरी हे आखतच होते. आई खाटेवरून आपल्या मुलाकडे एकटक बघत होत्या. गेलं, म्हटलं. आता आई कळवणला जाणार, आणि ह्यांच्या तोंडून या जन्मात पुन्हा हळवा शब्द कुणाला ऐकायला मिळणार नाही. आणि हे सगळं माझ्या गुणोत्तरामुळे.

एवढ्यात करकचून ब्रेक लावत एक पिकअप येऊन थांबली. रमेशभाऊजी! ते त्या दिवशी दिंडोरीला पाहुण्यांकडे द्राक्षबाग बघायला आले होते. सुमनमावशींचा फोटो त्यांना तिथेच मिळाला. बरोबर पाहुण्यांकडची दोन दणकट माणसंही आणली होती, खाट उचलायला. भाऊजी गाडीतून उतरले आणि संतापाने लाल होऊन सरळ आमच्या दिशेने निघाले. किचनमागची ड्राय बाल्कनी ओलांडली, किचनची भिंत फोडली, ओट्यावर पाय दिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, भिंतीतून काय येताय? दाराने या ना!"

भाऊजी जागच्या जागी थबकले, एक पाय बेसिनमध्ये. त्यांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आता माणूस कितीही रागावलेला असो, मोठ्या भावजयीचा शब्द मोडायची त्यांना सवय नाही. ते मागे फिरले, सगळ्या घराला वळसा घातला, दाराने आत आले आणि मग पुन्हा रागावले.

"वहिनी, आईला उघड्यावर टाकलं तुम्ही? काय करू राहिले काय तुम्ही लोकं? कळवणात तोंड दाखवायला जागा नाय ठेवली!"

मी म्हटलं, "भाऊजी, हा फ्लॅट आहे." हे वाक्य मलासुद्धा पटलं नाही.

"टू बीएचके," काळेकाका मदतीला धावले. "कार्पेटप्रमाणे."

भाऊजींनी काकांकडे, त्यांच्या हातातल्या पावाकडे, जमिनीवर रांगत असलेल्या आपल्या थोरल्या भावाकडे बघितलं. त्यांची खात्री पटली की घरातले सगळेच कामातून गेलेत. ते आईंपुढे गेले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आई, चल. खाट गाडीत टाकतो."

आईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "रमेश, चपला बाहेर काढ. माझं घर हाय हे."

हे रांगता रांगता थांबले. भाऊजींना काही कळेना, पण चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. आई म्हणाल्या, "मला कुणी नाय काढलं. जागा बघू राहिले आम्ही. ह्या भावाकडे बघ तुझ्या. माझी खाट बसावी म्हणून सकाळपासून लहान पोरासारखा माझ्याभोवती रांगतोय. आता याला सोडून कुठं जाऊ?"

ह्यांनी तोंड फिरवलं आणि फक्की गेली, फक्की गेली म्हणून डोळे चोळायला लागले. वारा केव्हाच पडला होता. मलाही भरून आलं. मी पुढे होऊन आईंच्या पाया पडणार, तेवढ्यात त्यांनी काठी उचलली.

"पण या खोलीत नाय. इथं खाट बसत नाय. मी आणि चिनू त्या मोठ्या खोलीत. हे दोघं राहतील इथं."

काठी मास्टर बेडरूमवर रोखलेली होती. अटॅच्ड टॉयलेट आणि बाल्कनी असलेल्या, मी पडद्यांचे रंगसुद्धा ठरवून ठेवलेल्या माझ्या मास्टर बेडरूमवर! मी वाकलेली अर्ध्यातच राहिले. आजूबाजूला बघितलं. सगळी कॉलनी उभी, काळेकाका उभे, दिंडोरीची दोन दणकट माणसं उभी, पिकअपचं इंजिन चालू, आणि कुंपणापाशी सुमनमावशींचा मोबाइल वर. सासूला उघड्यावर टाकल्याच्या आरोपातून नुकती सुटलेली सून अशा वेळी दुसरं काय बोलणार?

"मी तेच म्हणणार होते, आई," मी म्हटलं.

भाऊजी जेवून गेले. जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दिवाळीला मात्र आई कळवणात पाहिजे, आणि दोघे भाऊ खूप वेळ गाडीपाशी उभे राहिले. जेवणाआधीच काळेकाकांच्या देखरेखीखाली मी आणि चिनूने फ्लॅट झाडून काढला होता. ओपन स्पेस होती तशी करून द्या, असा कमिटीचा आग्रह होता.

पुढे पझेशन मिळालं. काका म्हणाले होते तेवढीच खोली निघाली, त्यातही प्लॅस्टरने बोटभर खाल्ली. आई मोठ्या खोलीत खाटेवर बसून बाल्कनीतून खालच्या वॉचमनपासून समोरच्या बिल्डिंगमधल्या बाळंतिणीपर्यंत सगळ्यांशी बोलतात. हे ऑफिसातून आले की आधी तिकडेच जाऊन बसतात. मी काही म्हणत नाही. आमच्या खोलीत एका वेळी एकानेच कपडे बदलायचे, आणि कपाट उघडायचं असेल तर आधी पलंगावर चढायचं.

बिल्डिंगमधले लोक मात्र कार्पेट एरिया म्हणजे काय ते विचारायला अजून माझ्याकडेच येतात. मी त्यांना हॉलमध्ये बसवून समजावते. खोलीत नेऊन दाखवलं असतं, पण तिथे तिसरं माणूस आत घ्यायचं झालं तर गणिताच्या बाईंना बाहेर थांबावं लागतं.